तिसरा पिस्टन

ट्रॅक्टर बिघडला नव्हता. हे आत्या सगळ्यांना आवर्जून सांगायची, आणि ते खरंही होतं. चालता चालता तो कधी बंद पडला नाही, कुणाच्या शेतात रुतून बसला नाही, की ऐन वेळी कुणाला दगा दिला नाही. झालं एवढंच, की एका हंगामात नांगरटीसाठी आत्याला कुणी बोलावलंच नाही.

त्याआधी कितीतरी वर्षं नांगरटीच्या दिवसांत तिला जेवायची फुरसत नसायची. एका शेतातून निघाली की दुसऱ्याच्या फाटकात माणूस वाट बघत उभा. 'आत्या, आधी माझं', 'आत्या, तुम्ही शब्द दिला होता', अशी ओढाताण. शेजाऱ्याचा मुलगा तर तेव्हा एवढासा होता, तो मडगार्डवर बसून दिवसभर तिच्याबरोबर हिंडायचा. पुढे तो मोठा झाला आणि त्यानं काचेच्या केबिनचा, आत गाणी लागणारा, थंड हवेचा ट्रॅक्टर आणला. आत्या ज्या शेताला दिवस घालवायची ते त्याचं चहा गार व्हायच्या आत उरकायचं. लोकांनी काही वाईट मनानं केलं नाही. ज्याचं काम लवकर होतं त्याच्याकडे माणसं जाणारच. आत्या त्या हंगामात रोज सकाळी ट्रॅक्टर पुसून, डिझेल बघून तयार राहिली. पुढच्या हंगामात तिनं नुसतं पुसलं. त्याच्या पुढच्या हंगामात शेडचं दार उघडलंच नाही.

तशी ती एकाच मुलाची आत्या, भावाच्या. तो लहानपणी तिच्यामागे 'आत्या, आत्या' करत फिरायचा, ते ऐकून सगळ्यांच्याच तोंडी तेच नाव बसलं. भावाला शेतीत रस नव्हता. धूळ उडाली की त्याला शिंकांवर शिंका यायच्या, म्हणून वडिलांनी नाइलाजानं ट्रॅक्टर मुलीच्या हाती दिला आणि नंतर कौतुकानं तिच्याच हाती ठेवला. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. जमीन विकली गेली. घर, अंगण, शेड आणि ट्रॅक्टर एवढं आत्याकडे राहिलं. भाऊ दूरच्या शहरात गेला, भाचा मोठा होऊन त्याहून दूर गेला. आता 'आत्या' म्हणून हाक मारणारे पुष्कळ होते, पण ते कुणीच तिचे भाचे नव्हते.

लग्न केलं नाही. एकानं विचारलं होतं. पण तो बोलताना सारखा ट्रॅक्टरकडेच बघत होता, असं तिचं म्हणणं.

तर एक दिवस टेम्पो घेऊन भंगारवाला आला. शेडच्या फळ्यांमधून त्यानं आत डोकावून बघितलं आणि आत्याला हाक मारली.

"बाई, तो द्यायचा आहे का?"

"कोण तो?"

"तो काय, बंद पडलेला ट्रॅक्टर."

"बंद पडलाय असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? टायर बसलेत. सीटवर कोंबडी बसलीय."

"कोंबडी बसली म्हणजे ट्रॅक्टर बंद पडला का? सीट चांगली आहे म्हणून बसली."

भंगारवाला हसला. माणूस वाईट नव्हता. "चालू असेल तर आवाज ऐकवा एकदा," तो म्हणाला. "मग पुन्हा नाव काढणार नाही."

"आज डिझेल नाही. पुढच्या वेळी याल तेव्हा ऐकवते."

टेम्पो गेल्यावर आत्या शेडमध्ये शिरली. कोंबडीला हुसकलं. पुढच्या बाजूला इंजिन फिरवायचं हँडल अडकवलं, पाय रोवले आणि जोर लावला. हँडल हललं नाही. तिनं पुन्हा जोर लावला. भिंत ढकलावी तसं वाटलं. वर बघितलं तर छताचा पत्रा सरकलेला, आणि बरोबर त्याच्याखाली सायलेन्सरचं उघडं तोंड. पूर्वी त्या तोंडावर ती रोज न चुकता एक रिकामा डबा पालथा घालायची. डबा कोपऱ्यात गंजून पडला होता. म्हणजे पाणी वरून सरळ इंजिनात उतरत होतं, आणि ते किती दिवस, हे तिला सांगता येईना. कारण इकडे ती फिरकलीच नव्हती.

इंजिन जाम झालं होतं. तिला भंगारवाल्याचा राग आला नाही. थाप मारल्याची लाज मात्र वाटली. आणि त्याहून जास्त हे वाटलं, की शेजारी असून आपण याच्याकडे एवढ्या दिवसांत ढुंकून बघितलं नाही.

या ट्रॅक्टरच्या पोटातलं सगळं माहीत असलेला एकच माणूस होता, मिस्त्री. पूर्वी मोठ्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं. आता तिथे मोबाइलचं दुकान झालं होतं. दुकानदारानं सांगितलं, की मिस्त्री शहरात मुलीकडे राहतात, आणि पत्ता दिला.

दुसऱ्या मजल्यावरचं घर. लिफ्ट बंद. आत्या जिना चढून, दम खाऊन, बेल वाजवून उभी राहिली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. मिस्त्री वाळून गेला होता. अंगावरचा स्वेटर दुसऱ्या कुणाचा असावा असा ढगळ दिसत होता.

"कोण पाहिजे?"

"तुम्हीच. माझा ट्रॅक्टर जाम झालाय."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. असं काही सांगत कुणी त्याच्या दाराशी येऊन फार वर्षं झाली असावीत. मग तो बाजूला झाला. "या, आत या. कुठला ट्रॅक्टर?"

"तीन सिलिंडरचा. कालव्याजवळचं टोकाचं घर आमचं."

"क्लच दाबला की पेडल कुईकुई करतं, तो?"

"तोच."

"दुसरा गिअर सरळ पडत नाही. लिव्हर आधी डावीकडे झुकवायला लागते."

"अजूनही तसंच करायला लागतं."

मिस्त्रीच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग चढला. "तो ट्रॅक्टर एक मुलगी चालवायची," तो म्हणाला. "बाह्या दुमडलेल्या, हातभर काळं तेल. मी काम करायला लागलो की डोक्यावर येऊन उभी. हे कशाला, ते कशाला, नुसतं डोकं खायची. कुठे असते ती हल्ली?"

आत्यानं पदर नीट केला, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ती मीच," ती म्हणाली.

मिस्त्रीनं तिला नीट पाहून घेतलं. पांढरे केस, जाड चष्मा, सुजलेले घोटे. "असं होय," तो म्हणाला. "मग उभी काय? बस की."

त्यानं चहा केला. कप अर्धेच भरले, कारण त्याचे हात थरथरत होते आणि पूर्ण भरले असते तर निम्मा चहा बशीत गेला असता. हत्यारांचं विचारलं तेव्हा त्यानं खालच्या आवाजात सांगितलं, की पाने-पकडी मुलीनं लपवून ठेवल्यात. "वॉशिंग मशीन आवाज करत होतं म्हणून खोललं. परत जोडलंही. थोडे स्क्रू उरले, एवढंच. मशीन चालतंय हं अजून. पण तिचा विश्वास उडाला."

मग तो कामाचं बोलायला लागला आणि त्याचा आवाजच बदलला. पाणी सायलेन्सरमधून आलंय म्हणजे ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तिथे ते उतरलं. त्याच्या अंदाजानं तिसरा. तिथे पिस्टन गंजून भिंतीला चिकटला असणार. "डिझेलचे तिन्ही नोझल काढ. भोकांतून ऑइल आणि डिझेल निम्मं-निम्मं सोड. आणि गप्प बस. रोज एकदा हँडल लाव, हलकं ढकल, पुढे आणि मागे. हललं तर हललं. जोर करायचा नाही. जोर केला की काहीतरी मोडतं. मी चिडून एकदा एकाचा कनेक्टिंग रॉड वाकवलाय. त्या माणसानं तोंडावर काही म्हटलं नाही, पण परत आला नाही."

निघताना त्यानं तिचा फोन नंबर मागून घेतला.

नोझल काढायलाच आत्याचे चार-पाच दिवस गेले. नट गंजलेले, बोटांत पूर्वीसारखी ताकद नाही, आणि इंजिनाखाली वाकलं की उठताना कंबर आठवण करून देई. पण निघाले. तिनं तिन्ही भोकांत ऑइल-डिझेल ओतलं, वर चिंध्या कोंबल्या, आणि हात धुऊन घरात आली. दिवेलागण झाली होती. घरात एक खुर्ची टेबलाजवळ, एक खिडकीजवळ. खिडकीतली खुर्ची आईची. आई शेवटची काही वर्षं तिथेच बसून असायची. आत्या अजूनही त्या खुर्चीत बसत नसे. तिच्यावर वर्तमानपत्रं ठेवायची.

तेवढ्यात फोन वाजला. त्या घरात संध्याकाळी फोन वाजायची सवय कुणाला नव्हती, आत्यालाही नव्हती. तो कुठे ठेवलाय हे शोधण्यातच वेळ गेला.

"काय म्हणतोय तिसरा?" पलीकडून मिस्त्री.

"आजच तेल पाजलंय."

"किती?"

"भोकातून वर येईपर्यंत."

"छान. उद्या बघ पातळी. उतरली तर समज कुठूनतरी झिरपतंय. झिरपणं चांगलं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशीही. वेळ ठरलेली नव्हती, पण मुलगी घरी यायच्या आधी आणि अंधार पडायच्या सुमाराला, असं आपोआप ठरत गेलं. सुरुवातीला बोलणं पिस्टनचंच. पहिल्याचं तेल तसंच आहे, दुसऱ्याचं उतरलं, तिसऱ्याचं बोटभर उतरलं. मग हळूहळू इकडचं-तिकडचं येत गेलं. मिस्त्रीची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती त्याला हात धुतल्याशिवाय घरात घेत नसे आणि तरीही प्रत्येक दाराच्या कडीला काळे ठसे उमटतच. आता मुलीच्या घराच्या कड्या चकचकीत आहेत, म्हणाला. बघवत नाही. आत्याकडे सांगण्यासारखं फार नव्हतं, निदान तिला तसं वाटायचं. पण मिस्त्री विचारायचा आणि ती सांगायची. आईचं आजारपण. भावाचे फोन, जे महिन्याकाठी येतात आणि ज्यांत दोघंही एकमेकांना 'बाकी काय' एवढंच विचारतात. कोंबडी, जी आता सीट सोडून स्टिअरिंगवर बसायला लागली होती.

आत्याला कळलं नाही, पण तिचं दिवसाचं वेळापत्रक बदललं. पूर्वी ती अंधार पडला की जेवून घ्यायची, लवकर दिवस संपवायची. आता फोन झाल्याशिवाय ताट वाढून घेत नसे. दिवसभरात काही दिसलं, काही घडलं, की हे संध्याकाळी सांगू, असं तिच्या मनात यायचं.

आणि एका दुपारी हँडल हललं.

रोजच्यासारखं तिनं हलकं ढकललं, आणि नखभर काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. तिनं श्वास रोखून मागे ओढलं. पुन्हा पुढे. नखभराचं बोटभर झालं, बोटभराचं वीतभर. मग आतून एक ओला, किरकिरता आवाज आला आणि हँडल आख्खं फिरलं. आत्या एकटीच मोठ्यानं ओरडली. कोंबडी घाबरून पळाली. आत्या जमिनीवर मटकन बसली, तेलकट हात मांडीवर तसेच, आणि हसत राहिली. मिस्त्रीला सांगायला तिनं फोन काढला. मग वाटलं, नको, या वेळी तो झोपलेला असेल. संध्याकाळीच सांगू.

संध्याकाळी फोन वाजला.

"काय म्हणतोय तिसरा?"

आत्यानं तोंड उघडलं. आणि तिच्या तोंडून निघालं, "अजून तसाच आहे."

"धीर धर," मिस्त्री म्हणाला. "माझ्या हातून एक महिन्यानं सुटलेला आहे." आणि मग तो त्या महिन्याभराच्या इंजिनाची हकीकत सांगत बसला.

फोन ठेवल्यावर आत्या कितीतरी वेळ टेबलापाशी बसून राहिली. आपण असं का बोललो, हे तिचं तिलाच उमगेना. खरं तर उमगत होतं, पण कबूल करायला जीव धजत नव्हता. पिस्टन सुटला की फोन कशाला येणार? उद्या सांगू, असं ठरवून ती जेवली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. उलट आता ती पुढची कामं चोरून करत होती. तळाचं तेल सोडलं, ते दुधाळ चहासारखं निघालं. टाकी धुतली. फिल्टर बदलला, टायरांत हवा भरली. आणि संध्याकाळी फोनवर साळसूदपणे विचारायचं, "समजा, सुटलाच, तर टाकी आधी धुवायची की नंतर?"

"आधी सुटू तर दे," मिस्त्री म्हणायचा.

मधल्या काळात भंगारवाला येऊन गेला. आत्या हँडल फिरवत होती आणि ते फिरत होतं, हे त्यानं दारातून बघितलं, मान हलवली आणि काही न बोलता टेम्पो वळवला. तिनं त्याला हटकलंही नाही. तिची ती बाजी जिंकून झाली होती, आणि तिला तिचं काहीच वाटत नव्हतं.

इकडे मिस्त्रीचा सूर उतरत चालला. तो कमी बोलायला लागला. "माझं काहीतरी चुकतंय," एकदा म्हणाला. "एवढ्या दिवसांत हलायला पाहिजे होता. मी बघितल्याशिवाय सांगायला नको होतं." "तुमचं नाही चुकलं," ती म्हणाली, पण पिस्टन सुटल्याचं सांगितलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी फोन आला नाही. तिनं ताट वाढलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. मिस्त्री. एकटा. बसनं आला होता. खांद्याला पिशवी, आणि पिशवीत पाने-पकडी एकमेकांवर आपटत होत्या. मुलीनं त्या कपाटावर लपवल्या होत्या आणि तो खुर्चीवर चढून काढून घेऊन आला होता.

"अहो, तुम्ही कशाला…" आत्या म्हणाली, पण तो तिच्या पुढून सरळ शेडकडे चालू लागला. वाट त्याला ठाऊक होती. "मिस्त्री, जरा थांबा, चहा घ्या आधी."

"चहा नंतर. आधी इंजिनाचं हेड उतरवू, तिसरा वरून बघू."

त्यानं पिशवी खाली ठेवली. हँडल अडकवलेलंच होतं. स्वतःच दिलेला सल्ला विसरून सगळ्या अंगाचा भार घालून त्यानं हँडल ढकललं, आणि ते गर्रकन फिरलं. मिस्त्री तोल जाऊन पुढे गेला, गुडघ्यावर आपटला, हात रेडिएटरच्या जाळीवर घासला.

आत्या धावली. त्याला उठवून पेटाऱ्यावर बसवलं. गुडघ्याशी पँट फाटली होती, तळव्यातून थोडं रक्त येत होतं. तो तिच्याकडे बघत नव्हता, हँडलकडे बघत होता.

"कधी सुटला?"

"झाला आठवडा." ती फडकं ओलं करून त्याचा तळवा पुसत होती. "जास्तच."

"मी झोपलो नाही," मिस्त्री म्हणाला. "डोळे मिटले की तिसरा पिस्टन दिसायचा. वाटलं, म्हातारपणी एवढंही आपल्याला नीट सांगता आलं नाही."

"माझं चुकलं."

"पण का?"

आत्यानं फडकं पिळलं. पुन्हा भिजवलं. "सुटला असं सांगितलं असतं, तर तुमचा फोन यायचा बंद झाला असता," ती म्हणाली. एवढं वाक्य बोलायला तिला बाकीच्या सगळ्या कामापेक्षा जास्त ताकद लागली.

मिस्त्रीनं हात सोडवून घेतला आणि तळवा उलटसुलट करून बघितला. तो रागावला होता, आणि त्यानं ते लपवलं नाही. "हे बरोबर केलं नाहीस," म्हणाला. "मला विचारायचं तरी." मग उठून उभा राहिला, लंगडत इंजिनाला एक फेरी घातली. स्वच्छ टाकी बघितली, नवा फिल्टर बघितला, तेलाची पट्टी काढून वास घेतला. "टाकी आधी धुतलीस ते बरं केलंस," एवढंच पुटपुटला. आत्याच्या जिवात जरा जीव आला.

मग दोघं कामाला लागले. बोलणं कामापुरतंच. नोझल बसवायचे होते, पण मिस्त्रीच्या हातात नट ठरेना, म्हणून तो सांगायचा आणि ती बसवायची. बॅटरी कधीच मेली होती. आत्या शेजाऱ्याकडे गेली. तो केबिनमध्ये बसून निघण्याच्या घाईत होता. "आत्या, आधी नाही का सांगायचं," म्हणत त्यानं दुसरी बॅटरी काढून दिली आणि काच वर केली. ती बॅटरी हातगाडीवर घालून तिनं आणली. पाइपातली हवा काढायला स्क्रू सैल केला, मिस्त्री पंपाची दांडी दाबत राहिला, दाबत राहिला. आधी नुसते बुडबुडे, मग फेस, मग डिझेलची सरळ धार. "बंद कर," तो म्हणाला. "चढ वर."

आत्या सीटवर बसली. किल्ली फिरवली. सेल्फ घुरघुरला आणि थांबला. पुन्हा. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला, मग गंजाचे काळे तुकडे उडाले, एक दणका, दुसरा दणका, आणि इंजिनानं धरलं. आधी एका पायावर लंगडल्यासारखं, मग दोन, मग तिन्ही. शेडच्या फळ्या वाजायला लागल्या. मिस्त्रीनं जखमी तळवा इंजिनावर ठेवला, आणि आता थरथरतोय तो हात की इंजिन, ते बाहेरून कळेना. त्यानं डोळे मिटले होते. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. "तिसरा जरा कुरकुरतोय," ओरडून म्हणाला. "कुरकुरू दे!"

त्या आवाजात फाटकाशी रिक्षा थांबलेली दोघांनाही कळली नाही. मिस्त्रीची मुलगी आत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. कामावरून घरी फोन केला, कुणी उचलला नाही, म्हणून ती धावत घरी गेली होती. खुर्ची कपाटाखाली आडवी पडलेली, बाप गायब. कोणीतरी सांगितलं, बसस्टॉपवर दिसले. कालव्याजवळच्या टोकाच्या घराचं ती बापाकडून रोजच ऐकत होती. बापाचा फाटलेला गुडघा आणि रक्त बघून तिला रडू फुटलं आणि मग संताप आला.

"फोनवर बोलता ना रोज? तेवढ्यानं भागत नव्हतं?" ती बापाला म्हणाली. मिस्त्रीनं पिस्टनचं काही सांगितलं नाही. त्याला रिक्षात बसवून ती परत आली, आत्यापाशी. आवाज उतरला होता. "तुमच्याशी बोलणं झालं की ते नीट जेवतात," म्हणाली. "मला कळतं ते. पण असं परत बोलावू नका त्यांना."

'मी नाही बोलावलं' असं आत्या म्हणू शकली असती. पण ते तरी खरं होतं का? "नाही बोलावणार," ती म्हणाली.

रिक्षा गेली. ट्रॅक्टर चालूच होता. तिनं बंद केला तेव्हा शेडमध्ये एकदम इतकी शांतता झाली, की तिला पुन्हा किल्ली फिरवावीशी वाटली.

फोन आला नाही. आठवडाभर नाही, नंतरही नाही. आत्या रोज सकाळी ट्रॅक्टर चालू करायची, थोडा वेळ गरम होऊ द्यायची, अंगणात पुढे-मागे घ्यायची. चालता ट्रॅक्टर आणि न्यायला जागा नाही. स्वतःची बोटभर जमीन नाही, लोकांना गरज नाही. अंगणातली माती चाकांनी दाबून दाबून फरशीसारखी कडक झाली.

शेवटी बॅटरी परत द्यायला म्हणून ती शेजाऱ्याकडे गेली. तो नेमका पायी होता, शेताच्या टोकाला उभा. विहीर, पाण्याचा हौद आणि झाडांची रांग यांच्यामध्ये तिकोनी पट्टी होती, गवत माजलेलं.

"हे असं का ठेवलंस?" आत्यानं विचारलं.

"माझा वळत नाही इथे. लांबीला मोठा आहे ना. असे कोपरे सगळ्यांचेच पडून आहेत."

"माझा वळेल."

शेजाऱ्यानं तिच्याकडे बघितलं. मडगार्डवर बसणारा तो मुलगा क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर आला असेल किंवा नसेल, आत्याला तसं काही दिसलं नाही. तो एवढंच म्हणाला, "बघा जमतंय का. बॅटरी राहू द्या तुमच्याकडेच. विहिरीला सांभाळून."

जमलं. नांगर गंजलेला होता, पहिल्या फेरीत नुसता घासत गेला, मग मातीनंच त्याला चकाकी आणली. विहिरीच्या कठड्याला लागून, झाडांच्या मुळ्या चुकवत, मागे घेत, पुढे घेत तिनं ती पट्टी उलटीपालटी केली. जेमतेम तुकडा, पण दुपार गेली. त्यानंतर हौदामागचा कोपरा, कुणाच्या गोठ्यामागची चिंचोळी जागा, अशी बोलावणी येऊ लागली. रोज नाही. अधूनमधून. फाटकाशी वाट बघत उभं कुणी राहत नव्हतं. फोन करायचे, जागा सांगायचे, आणि ती जाईपर्यंत आपल्या कामाला निघून गेलेले असायचे. ती एकटीच नांगरायची आणि एकटीच परत यायची.

त्या पहिल्या कोपऱ्याच्या दिवशी संध्याकाळी तिनं स्वतः मिस्त्रीला फोन लावला. आजवर नेहमी त्यानंच केला होता. फोन मुलीनं उचलला. आत्यानं नाव सांगितल्यावर ती "देते" एवढंच म्हणाली.

"बोल," मिस्त्री म्हणाला.

तिनं विहिरीजवळची पट्टी सांगितली, नांगराची धार सांगितली. तो ऐकत होता. "बरं झालं," म्हणाला. मग दोघांनाही पुढे काही सुचेना. नादुरुस्त असं काही उरलं नव्हतं.

"गुडघा कसा आहे?" आत्यानं विचारलं.

"भरला. जिना चढताना बोलतो."

"माझे तर दोन्ही बोलतात."

तो हसला. फार नाही. पण फोन लगेच ठेवलाही नाही.

पुढे थंडीत त्याचं ऐकणं कमी झालं. फोनवर तो काहीतरीच उत्तरं द्यायला लागला. ती कोंबडीचं विचारायची, तो डिझेलचं सांगायचा. मग मुलीनंच एकदा आत्याला सांगितलं, की मी कामावर असते, तुम्हाला जमलं तर कधी दुपारी येत जा, किल्ली शेजारच्या घरी ठेवते. आत्या महिन्यातून एकदा जाते. जिना चढते, मधल्या मजल्यावर थांबते, पुन्हा चढते. मिस्त्री बाल्कनीत बसलेला असतो. ती चहा करते, कप अर्धाच भरते. फार बोलणं होत नाही. मोठ्यानं बोलावं लागतं आणि खालून रस्त्याचा आवाज येतो. तो रस्त्यावरच्या गाड्या बघत असतो, ती त्याच्या शेजारी बसून वाळत घातलेले कपडे बघते. उन्हं कलली की ती उठते, कप धुऊन ठेवते, किल्ली शेजारी देते.

घरी पोचेपर्यंत अंधार झालेला असतो. ती दिवा लावते, पातेलं चुलीवर ठेवते, आणि ते उकळेपर्यंत शेडमध्ये जाऊन टाकीत काठी बुडवून डिझेल किती आहे ते बघून येते. उद्या कालव्यापलीकडचा एक कोपरा आहे.